चौदा सामने जिंकूनही पाहुणेच का? एनएफएलच्या प्लेऑफचं गणित

प्रश्न पुण्यातल्या एका काकांचा आहे. मुलगा मिनिआपोलिसला नोकरीला, त्याच्या नादाने काका-काकूही एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जचे सामने बघायला लागले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "२०२४च्या हंगामात व्हायकिंग्जनी १७ पैकी १४ सामने जिंकले, लॉस एंजेलिस रॅम्सनी १०. तरी बाद फेरीत यजमान रॅम्स आणि पाहुणे आम्ही! आयपीएलमध्ये वरच्या क्रमांकाला वरचा मान असतो. इथे हा काय प्रकार आहे? आणि मुळात ही पद्धत चालते कशी?"

मी अमेरिकेत एका क्रीडावाहिनीच्या आकडेवारी विभागात काम करतो. डिसेंबर उजाडला की कोण आत, कोण काठावर आणि कोणाचं घोडं कोणाच्या पराभवावर अडलंय याचे तक्ते करणं हाच आमचा धंदा. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर देतो. रॅम्स त्यांच्या डिव्हिजनमध्ये पहिले आले, व्हायकिंग्ज त्यांच्या डिव्हिजनमध्ये दुसरे आले. कारण एवढंच आहे. बाकीचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

काका, सगळ्यात आधी आयपीएलचा गुणतक्ता डोक्यातून काढून टाका. एनएफएलमध्ये ३२ संघांचा एकच तक्ता असा नसतोच. असतात ते चार-चार संघांचे आठ छोटे तक्ते. एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत १६ संघ. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये ईस्ट, नॉर्थ, साउथ, वेस्ट अशा चार डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये चार संघ. ही मांडणी २००२ पासूनची, ह्यूस्टन टेक्सन्स हा ३२वा संघ आला तेव्हाची. दिशांच्या नावांवर फार विसंबू नका. डॅलस टेक्सासात असून एनएफसी ईस्टमध्ये खेळतं, कारण न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनशी असलेली जुनी खुन्नस कोणालाच मोडायची नव्हती.

आठ तक्ते कशाला? कारण वेळापत्रक. १८ आठवड्यांत प्रत्येक संघ १७ सामने खेळतो. त्यातले सहा आपल्याच डिव्हिजनमधल्या तिघांशी, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. चार सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या एका डिव्हिजनशी, चार समोरच्या कॉन्फरन्समधल्या एका डिव्हिजनशी. या जोड्या दरवर्षी फिरत राहतात. उरले तीन. ते गेल्या हंगामात आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी, म्हणजे पहिला पहिल्याशी, चौथा चौथ्याशी. यातला सतरावा सामना २०२१ला वाढवला. त्याआधी १९७८ पासून १६च सामने होते.

याचा परिणाम बघा. एका डिव्हिजनमधल्या चौघांची प्रश्नपत्रिका जवळपास सारखी असते, फरक फक्त त्या तीन सामन्यांचा. पण वेगळ्या डिव्हिजनमधल्या दोन संघांची तुलना करायला गेलात तर एकाने कोणते प्रतिस्पर्धी सोसले आणि दुसऱ्याने कोणते, याचा मेळच लागत नाही. एकाच कॉन्फरन्समधले दोन संघ हंगामभर एकमेकांसमोर आलेच नाहीत, असंही होतं. म्हणून ही लीग एकूण बेरजेपेक्षा "तुम्ही ज्यांच्याशी खरोखर खेळलात, त्यांच्यात तुम्ही कुठे?" या प्रश्नाला जास्त मान देते. प्लेऑफचा प्रत्येक नियम या एका हट्टातून आलेला आहे.

आता जागावाटप. प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ, एकूण १४. चार डिव्हिजनविजेते, त्यांना आपसातल्या कामगिरीनुसार १ ते ४ मानांकन. उरलेल्या बारा संघांतले सर्वोत्तम तीन म्हणजे वाइल्ड कार्ड, त्यांना ५ ते ७. डिव्हिजनविजेता कितीही लटपटत आलेला असो, त्याचं मानांकन चारच्या खाली जात नाही. आणि वाइल्ड कार्डवाला कितीही दणदणीत खेळलेला असो, पाचच्या वर चढत नाही. तुमचे व्हायकिंग्ज नेमके याच पायरीवर अडकले.

२०२४ची एनएफसीची यादी समोर ठेवूया, म्हणजे सगळी यंत्रणा एकाच उदाहरणात दिसेल. डेट्रॉइट लायन्स १५-२ (म्हणजे १५ विजय, २ पराभव), फिलाडेल्फिया ईगल्स १४-३, टॅम्पा बे बक्कनिअर्स १०-७ आणि लॉस एंजेलिस रॅम्स १०-७ हे चार डिव्हिजनविजेते. त्यांच्याखाली व्हायकिंग्ज १४-३, वॉशिंग्टन कमांडर्स १२-५ आणि ग्रीन बे पॅकर्स ११-६. म्हणजे खालचे तिन्ही संघ तिसऱ्या-चौथ्या मानांकनापेक्षा जास्त सामने जिंकलेले! लायन्स, व्हायकिंग्ज आणि पॅकर्स तिघेही एनएफसी नॉर्थमधलेच. त्या वर्षी ती डिव्हिजन म्हणजे जीवघेणी गर्दी होती.

शेवटच्या रविवारी, ५ जानेवारी २०२५ला, लायन्स आणि व्हायकिंग्ज डेट्रॉइटमध्ये समोरासमोर आले तेव्हा दोघेही १४-२ होते. जिंकणारा एनएफसीत पहिला, हरणारा थेट पाचवा. मधलं काहीच नाही. लायन्सनी ३१-९ असा सामना मारला, जामिर गिब्सने चार टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, त्याचे सहा गुण), आणि व्हायकिंग्जचं बोचकं प्रवासासाठी बांधलं गेलं. खरं तर तुमचा प्रश्न त्या रात्रीच निकालात निघाला होता. पुढचा रॅम्सचा सामना ही नुसती अंमलबजावणी. आणि तोही रॅम्सच्या घरी झालाच नाही: लॉस एंजेलिसला वणवे पेटले होते, त्यामुळे १३ जानेवारीचा तो सामना अ‍ॅरिझोनात ग्लेनडेलला हलवला. कागदोपत्री यजमान रॅम्सच. व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, सॅम डार्नल्ड याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच आडवं केलं, आणि २७-९ने व्हायकिंग्जचा हंगाम संपला. इतका एकतर्फी सामना मिनिआपोलिसमध्ये झाला असता तरी निकाल वेगळा लागला असता, असं मला वाटत नाही. पण मुलाला हे सांगू नका.

आता याच गोष्टीतला सगळ्यात चविष्ट भाग. रॅम्सनी डिव्हिजन जिंकली कशी? सिअ‍ॅटल सीहॉक्सही १०-७च होते. आपसातले दोन सामने एक-एक. डिव्हिजनमधली कामगिरी दोघांची ४-२. दोघांच्या सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी सारखी. एनएफसीतल्या सगळ्या संघांविरुद्ध दोघेही ६-६. चार कसोट्या लावून झाल्या तरी काटा मध्येच. मग पाचवी कसोटी लागली: तुम्ही ज्यांना हरवलंत ते संघ स्वतः किती जिंकले? इंग्रजी समालोचनात याला "स्ट्रेंथ ऑफ व्हिक्टरी" म्हणतात. हरवलेल्या सगळ्या संघांचे विजय-पराभव एकत्र करायचे आणि टक्केवारी काढायची.

इथे रॅम्स पुढे गेले. दोघांच्याही वाट्याला एएफसी ईस्टचे चार संघ होते आणि दोघांनीही त्यातले तीन हरवले. पण रॅम्स मायामीकडून हरले आणि १३-४ अशा बफेलो बिल्सना त्यांनी ४४-४२ने हरवलं. सीहॉक्सचं नेमकं उलट, बिल्सकडून हार आणि ८-९ अशा मायामीवर विजय. एनएफसी नॉर्थमधल्या चौघांविरुद्ध दोघांनाही एकेकच विजय मिळाला. सीहॉक्सचा ५-१२ अशा शिकागो बेअर्सवर. आणि रॅम्सचा? ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, ३०-२०ने, तुमच्या व्हायकिंग्जवर! म्हणजे काका, त्यानंतर व्हायकिंग्ज जेवढे सामने जिंकत गेले तेवढा रॅम्सचा हा आकडा फुगत गेला. पाहुणे म्हणून ज्याच्याकडे जावं लागलं, त्या यजमानाला यजमानपद मिळवून द्यायला व्हायकिंग्जचे १४ विजय कामी आले.

रॅम्सचं शिक्कामोर्तब झालं तेही मजेशीर. १७व्या आठवड्यात रविवारी रात्री वॉशिंग्टनने अटलांटाला जादा वेळेत ३०-२४ असं हरवलं, आणि तिकडे मैदानात नसलेले रॅम्स डिव्हिजनविजेते झाले. का? सीहॉक्सनी ऑक्टोबरमध्ये अटलांटाला हरवलं होतं. अटलांटा हरलं की सीहॉक्सची टक्केवारी घसरते. दोन तिसऱ्याच शहरांच्या सामन्यावर दोन वेगळ्याच शहरांचं भवितव्य. त्या रात्री आमच्या खोलीत सगळ्यांचे डोळे एका पडद्यावरच्या सामन्याकडे आणि बोटं दुसऱ्याच तक्त्यावर होती.

बरोबरी फोडायच्या कसोट्यांचा क्रम वर जवळजवळ आलाच आहे. डिव्हिजनच्या आत तो असा: आपसातले सामने, डिव्हिजनमधली कामगिरी, सामाईक प्रतिस्पर्धी, कॉन्फरन्समधली कामगिरी, मग ही हरवलेल्यांची ताकद, मग सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांची ताकद. त्यानंतर केलेले आणि दिलेले गुण, निव्वळ गुणफरक, निव्वळ टचडाउन, आणि अगदी तळाला नाणेफेक. वाइल्ड कार्डसाठी क्रम थोडा बदलतो. तिथे डिव्हिजनची कसोटी अर्थातच नसते, कॉन्फरन्सची कामगिरी वर सरकते आणि सामाईक प्रतिस्पर्धी त्यानंतर येतात, तेही किमान चार सामने असतील तरच.

आयपीएल बघणाऱ्याला इथे धक्का बसतो तो निव्वळ धावगतीचा भाऊबंद इतका खाली ढकललेला पाहून. आपल्याकडे दोन संघांचे गुण सारखे झाले की लगेच धावगतीची चर्चा सुरू. इथे गुणफरक विचारायची वेळ क्वचित येते. माझ्या मते हे शहाणपणाचंच आहे. सगळ्यांचे प्रतिस्पर्धी वेगळे असताना दुबळ्या संघाला ५० गुणांनी चिरडल्याचं बक्षीस द्यायचं कशाला? शिवाय सामना हातात आला की मुख्य क्वार्टरबॅकला बाहेर बसवता येतं, दुखापत टळते. गुणफरकाला वजन दिलं तर तो शेवटच्या मिनिटापर्यंत मार खात उभा राहील.

एका फसगतीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निम्मे हिशेब इथेच चुकतात. वाइल्ड कार्डसाठी तीन-चार संघ बरोबरीत असतील आणि त्यातले दोन एकाच डिव्हिजनचे असतील, तर आधी त्या दोघांत डिव्हिजनच्या नियमाने सरस कोण ते ठरवायचं. हरलेल्याला बाजूला उभं करायचं, आणि मगच वेगळ्या डिव्हिजनवाल्यांशी तुलना करायची. एक जागा भरली की बाजूचा परत रांगेत येतो आणि सगळी गणना पहिल्यापासून सुरू. सगळ्यांना एकदम एका ओळीत उभं करून क्रम लावला की हमखास घोटाळा.

बरोबरीत सुटलेला सामना अर्धा विजय, अर्धा पराभव धरतात. साखळीत असे सामने फार थोडे होतात, पण झाला की तक्त्यात काटा रुततो. याचं सगळ्यात थरारक उदाहरण ९ जानेवारी २०२२चं, आणि ते माझं आवडतंही आहे.

हंगामाचा शेवटचा साखळी सामना, लास व्हेगसमध्ये, रेडर्स विरुद्ध चार्जर्स. दोघेही ९-७. दुपारी इंडियानापोलिस कोल्ट्सनी आधीच गोंधळ घातला होता: तळाच्या जॅक्सनविलला हरवलं की ते आत, पण ते २६-११ असे हरले. त्यामुळे एएफसीतल्या उरलेल्या दोन जागांसाठी रेडर्स, चार्जर्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स. स्टीलर्सची नोंद ९-७-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा), त्यांचा खेळ आटोपलेला, ते टीव्हीसमोर. रेडर्स किंवा चार्जर्स यांपैकी कोणीही जिंकलं तर जिंकणारा आत, हरणारा ९-८ होऊन बाहेर, आणि स्टीलर्स आत. पण सामना बरोबरीत सुटला तर? मग तिघेही ९-७-१ आणि कसोट्यांत स्टीलर्स मागे. म्हणजे दोन्ही संघांनी सामनाभर चेंडू पुढे न नेता नुसतं गुडघा टेकवून वेळ काढला असता तरी दोघे सुखरूप आत गेले असते. आठवडाभर यावर विनोद झाले. आणि मग सामना खरोखरच त्या दिशेने गेला!

रेडर्स २९-१४ने पुढे होते. चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टने शेवटच्या क्षणाला टचडाउन काढून २९-२९ केलं. जादा वेळेत दोघांचा एकेक फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन गुणांचा), ३२-३२. घड्याळ उतरत चाललेलं, रेडर्सकडे चेंडू, आणि ते जीव तोडून पुढे जायच्या बेतात आहेत असं दिसत नव्हतं. ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सचे प्रशिक्षक ब्रँडन स्टेली यांनी टाइमआउट घेतला. बचावाची मांडणी बदलायची होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढच्याच चालीत जॉश जेकब्स दहा यार्ड धावला, चेंडू टप्प्यात आला, आणि वेळ संपता संपता डॅनियल कार्लसनने ४७ यार्डांवरून गोल केला. ३५-३२. चार्जर्स बाहेर, स्टीलर्स आत. स्टीलर्सना तारणारा तो अर्धा विजय कुठला होता? नोव्हेंबरमध्ये त्यांनी लायन्सशी १६-१६ अशी बरोबरी केली होती, तेव्हा लायन्सनी एकही सामना जिंकलेला नव्हता. त्या दिवशी पिट्सबर्गमध्ये लोक संघाला शिव्या देत घरी गेले होते. पुढच्या फेरीत कॅन्सस सिटीने स्टीलर्सना ४२-२१ असं धुतलं, तो भाग वेगळा.

आता बाद फेरी. इथे सगळं साधं आहे: एक सामना, हरला तो घरी. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना दुसरी संधी असते, इथे पहिल्या क्रमांकालाही नाही. त्याला मिळतं ते दुसरंच. पहिल्या फेरीत त्याला पुढे चाल. एक आठवडा विश्रांती, आणि मग जोवर जिंकतोय तोवर कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत घरचं मैदान. २०१९च्या हंगामापर्यंत कॉन्फरन्समधून सहाच संघ येत आणि पहिल्या दोघांना पुढे चाल मिळे. २०२०ला सातवा संघ वाढवला आणि दुसऱ्या मानांकनाची ती चैन गेली. तेव्हापासून पहिला नंबर म्हणजे सोनं, दुसरा म्हणजे नुसता चांगला गुण.

पहिल्या फेरीत दुसरा विरुद्ध सातवा, तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा, वरचा यजमान. दोन्ही कॉन्फरन्स मिळून सहा सामने, शनिवार ते सोमवारात पसरलेले. दुसऱ्या फेरीत मात्र टेनिससारखा छापील तक्ता नसतो. उरलेल्या संघांत मानांकनाने सगळ्यात खालचा जो असेल तो पहिल्या मानांकनाच्या दारात जातो, बाकीचे दोघे आपसात. २०२४ला पहिल्या फेरीत ईगल्सनी पॅकर्सना हरवलं, कमांडर्सनी टॅम्पात जाऊन बक्कनिअर्सना, रॅम्सनी व्हायकिंग्जना. उरले दोन, चार आणि सहा. सहावे सगळ्यात खालचे, म्हणून कमांडर्स डेट्रॉइटला आणि रॅम्स फिलाडेल्फियाला. पहिल्या नंबरला सोपा पेपर मिळावा हा हेतू. लायन्सना तो किती सोपा गेला ते सगळ्यांनी पाहिलं: कमांडर्स ४५, लायन्स ३१. इकडे बर्फात ईगल्सनी रॅम्सना २८-२२ने काढलं, मग घरी कमांडर्सचा ५५-२३ असा फडशा पाडला आणि न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे दोन कॉन्फरन्सच्या विजेत्यांतल्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ने हरवलं. एकूण १३ सामन्यांत सगळा खेळ आटोपतो.

सुपर बोलचं मैदान काही वर्षं आधीच ठरतं, त्याचा मानांकनाशी संबंध नाही. कोणी आपल्याच मैदानात पोचला तर तो योगायोग. टॅम्पा बेने फेब्रुवारी २०२१मध्ये तो पहिल्यांदा साधला, आणि तेही पाचव्या मानांकनावरून येऊन, तीन सामने परक्या मैदानावर जिंकून.

घरच्या मैदानाला इतकं महत्त्व कशाला, हे पुण्यात बसून कळणं अवघड आहे. प्लेऑफ जानेवारीत असतात. १३ जानेवारी २०२४ला कॅन्सस सिटीत मायामी डॉल्फिन्स खेळायला आले तेव्हा तापमान उणे २० अंश सेल्सियस होतं. फ्लोरिडातून आलेल्या संघाचं २६-७ असं पानिपत झालं. शिवाय गर्दीचा आवाज. पाहुण्या क्वार्टरबॅकची हाक शेजारच्या खेळाडूला ऐकू जात नाही, चाल सुरू व्हायचा इशारा हुकतो आणि दंडाचे पाच-पाच यार्ड जात राहतात. गंमत म्हणजे एके काळी हा मान कामगिरीवर नव्हताच, वेगवेगळ्या डिव्हिजनविजेत्यांत आळीपाळीने फिरायचा. १९७२चा मायामीचा अपराजित संघ, एकही सामना न हरता, एएफसीचा अंतिम सामना खेळायला पिट्सबर्गला गेला होता. १९७५ला ही पद्धत बंद झाली. तेव्हा काका, व्हायकिंग्जच्या दुःखाला पूर्वजही आहेत.

जादा वेळेचं एक वाक्यात सांगता येत नाही, पण आटोपतं घेतो. प्लेऑफमध्ये बरोबरी नाही. १५-१५ मिनिटांचे डाव निकाल लागेपर्यंत चालतात. पूर्वी नाणेफेक जिंकून पहिल्याच ताब्यात टचडाउन केला की सामना खलास. जानेवारी २०२२मध्ये बिल्स असेच चीफ्सकडून ४२-३६ने हरले, त्यांचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनच्या हाती जादा वेळेत चेंडू आलाच नाही. एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी प्लेऑफपुरता नियम बदलला: दोघांनाही किमान एकदा ताबा. फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये तो पहिल्यांदा लागू पडला. सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकून चेंडू आधी घेतला, तीन गुण केले, आणि आपल्याला किती हवंय हे नेमकं ठाऊक असलेल्या चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक मॅहोम्सने टचडाउन करून २५-२२ असा निकाल लावला. सामन्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी कबूल केलं की नवा नियम आपल्याला माहीतच नव्हता. व्यावसायिक खेळाडूंची ही कथा, तर तुम्ही प्रश्न विचारायला मुळीच लाजू नका.

आता मूळ तक्रारीकडे. हा अन्याय आहे का? तुम्ही एकटे नाही. जानेवारी २०११मध्ये ७-९ अशा सीहॉक्सच्या घरी ११-५ अशा न्यू ऑर्लिन्स सेंट्सना जावं लागलं, आणि मार्शॉन लिंचच्या ६७ यार्डांच्या त्या प्रसिद्ध धावेने सीहॉक्स ४१-३६ने जिंकलेही. म्हणजे जास्त सामने हरलेला संघ यजमानही झाला आणि विजेताही. २०१४ला कॅरोलायना पँथर्स ७-८-१ असूनही घरी खेळले आणि जिंकले. उलट २००८मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स ११-५ असून घरी बसले, आणि त्याच कॉन्फरन्समधून ८-८चे चार्जर्स डिव्हिजन जिंकून आत गेले. २०२५च्या वसंतात बदलाचा प्रस्ताव आला, तोही या नियमाचा ताजा फायदा झालेल्या लायन्सकडूनच: डिव्हिजनविजेत्याला प्रवेश जरूर द्या, पण मानांकन विजयांवर ठरवा. ३२ पैकी २४ मालकांची मतं लागतात. तेवढी जुळायची चिन्हं नव्हती आणि मे महिन्यात प्रस्ताव मागे घेतला गेला.

माझं मत मालकांच्या बाजूचं आहे, फक्त माझं कारण त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. लायन्सच्या प्रस्तावाप्रमाणे त्या ५ जानेवारीच्या सामन्यात हरणारा फार तर तिसरा झाला असता आणि पहिली फेरी घरीच खेळला असता. मग ती रात्र तशी राहिली असती का? शेवटच्या आठवड्यात सगळे सामने डिव्हिजनच्या आतलेच ठेवायचे हे लीगने २०१०पासून मुद्दाम केलं, ते याच तडाख्यासाठी. त्याच आठवड्यात चीफ्सचा पहिला नंबर पक्का झालेला होता, त्यांनी मॅहोम्सला बसवलं आणि डेन्व्हरकडून ३८-० असा मार निमूट खाल्ला. त्या निकालाने सिनसिनाटी बेंगॉल्सचा पत्ता कट झाला. पैजेला काही लावलेलं नसलं की असे सामने वाढतात. १४-३चा संघ पाहुणा जाणं मला बोचतं, पण १०-७ आणि १४-३ हे आकडे वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांतून आलेले आहेत हेही खरं. आणि व्हायकिंग्जना घरचं मैदान मिळवायची संधी होती की! लायन्सशी हंगामात दोन सामने झाले. दोन्ही हरले.

पुढच्या हंगामासाठी, मुलाच्या हाती रिमोट न देता स्वतः बघायचं तर: डिसेंबरात आधी एनएफसी नॉर्थच्या चौघांचाच तक्ता उघडा, कॉन्फरन्सचा नंतर. टीव्हीवर "इन द हंट" म्हणून जी रांग दाखवतात ती वाइल्ड कार्डची, डिव्हिजनची नव्हे. तिथे व्हायकिंग्ज बरोबरीत दिसले तर विजयांखालोखाल कॉन्फरन्समधली नोंद पाहा. अठराव्या आठवड्याच्या वेळा लीग सतरावा आठवडा उरकल्यावर जाहीर करते आणि सगळ्यात चुरशीचा सामना रविवारी रात्रीला टाकते, म्हणजे तुमच्याकडे सोमवारी सकाळी पावणेसातच्या आसपास. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला. प्लेऑफच्या पहिल्या फेरीतला रविवारी दुपारी एकचा सामना तुमच्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो आणि अडीच-पावणेतीनपर्यंत चालतो, तेव्हा काकूंना आधीच सांगून ठेवा.